भावा, उचल ना!

रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. ओटा पुसून झालेला असतो, विरजण लावून झालेलं असतं, आणि आतल्या खोलीतून आरोळी येते, ‘मेलो, मेलो! कुणीतरी या रे लवकर!’ नवख्या घरातली आई अशा वेळी हात पुसत धावते. सरावलेल्या घरात कुणी मान वर करत नाही. मेलेला मुलगा पलंगावर मांडी घालून बसलाय, त्याच्या कानांत हेडफोन आहेत, शेजारी चिवड्याची वाटी आहे आणि थोड्याच वेळात तो उठून पुन्हा पळायला लागणार आहे, हे घराला पाठ झालेलं असतं. त्याला उठवायला धावून कोण आलं, याची चौकशी मात्र कुणी करत नाही. घराचं निदान केव्हाच झालेलं असतं: पोरगा एकलकोंडा झालाय, माणसांत मिसळत नाही. हे निदान करणारी मंडळी त्या घटकेला काय करत असतात तेही बघण्यासारखं असतं. बाबा टीव्हीवर एकाच वेळी ओरडणाऱ्या सहा जणांची चर्चा ऐकत असतात. ताई भिंतीकडे तोंड करून रील्स सरकवत असते. आजोबा ‘आपले कुटुंब’ नावाच्या ग्रुपवर गुलाबाच्या फुलाखाली शुभ रात्री लिहून पाठवत असतात, आणि ती शुभ रात्र तीन पावलांवरच्या सुनेच्या मोबाइलवर टिंग करून उतरते. पाच माणसांच्या त्या घरात दुसऱ्या माणसाशी तोंडानं बोलणारा एकच जीव असतो, आणि तो म्हणजे हा एकलकोंडा.

या एकलकोंड्यांची बाजू कुणीतरी एकदा नीट मांडायला हवी. त्यांना स्वतःला ती मांडता येत नाही, कारण मांडायला बसलं की मॅच सुटते. म्हणणं एवढंच आहे की ऑनलाइन खेळात जुळते तिला ‘आभासी मैत्री’ म्हणायचं काही कारण नाही, ती नुसती मैत्री आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या ज्या रीतीनं मित्र जोडत आलो त्याच रीतीनं तीही जुळते. आपल्याकडे ‘चल, मैत्री करू’ असं म्हणून मैत्री कधी झालेली नाही. निमित्त लागतं. कॅरम लागतो, झब्बूचा डाव लागतो, गणपतीची वर्गणी लागते. निमित्ताला जमलेली माणसं निमित्त संपलं तरी उठत नाहीत, आणि अशा रेंगाळलेल्या तासांना कधीतरी रात्रीत विरजण लागतं. किती तासांनी लागतं, हेसुद्धा एकानं मोजलंय. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नव्या गावात राहायला आलेली माणसं आणि कॉलेजात नव्यानं आलेली मुलं यांच्याकडून माहिती घेऊन हिशेब मांडला. नुसत्या ओळखीची साधी दोस्ती व्हायला साधारण ५० तास, मित्र म्हणावं इतकं जमायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. त्यातही ऑफिसात शेजारी बसून काढलेले तास फारसे कामाला येत नाहीत, गप्पाटप्पा आणि विरंगुळ्याचे तास लागू पडतात. आता हा हिशेब आपल्या सोसायटीला लावून बघा. शेजाऱ्याची गाठ पडते लिफ्टमध्ये, तीस सेकंद. २०० तास म्हणजे ७ लाख २० हजार सेकंद, म्हणजे लिफ्टच्या २४ हजार फेऱ्या. रोज दोनदा न चुकता भेट झाली तरी जिवलग व्हायला जवळजवळ ३३ वर्षं जातील, आणि त्याच्या आत इमारत पुनर्विकासाला गेलेली असेल. उलट अर्ध्या तासाच्या रोज दोन मॅच खेळणारी चौकडी साडेसहा महिन्यांत २०० तास पुरे करते. हॉल यांचे तास समोरासमोरचे होते आणि हे हेडफोनमधले आहेत, हा फरक मान्य. पण लिफ्टमधले तीस सेकंद तरी आपण समोरासमोर कुठे काढतो? दोघंही मजल्यांचे आकडे बघत उभे असतो.

ज्यांनी आतल्या खोलीतला हा खेळ फक्त भिंतीपलीकडून ऐकलाय त्यांच्यासाठी त्याची ओळख करून देतो. पबजी नावानं तो २०१८ मध्ये आपल्या मोबाइलवर आला. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारनं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत हाही गेला. २०२१ च्या जुलैत बीजीएमआय असं नवं नाव लावून परतला, पुढच्या जुलैत पुन्हा गायब झाला आणि २०२३ मध्ये पुन्हा उगवला. मालिकेत अपघातात गेलेला नायक प्लॅस्टिक सर्जरी करून परत येतो तसा. परत येताना थोडे संस्कारही घेऊन आला. रक्त लालऐवजी हिरवं झालं, आणि माणूस ‘किल’ व्हायचा थांबून ‘फिनिश’ व्हायला लागला. बाकी खेळ तोच. शंभर जण विमानातून एका ओसाड बेटावर उड्या टाकतात. अंगावरच्या कपड्यांशिवाय जवळ काही नसतं. मग घराघरांत घुसून बंदूक, गोळ्या, हेल्मेट, बँडेज जे मिळेल ते उचलायचं. एक निळी रेघ चहूबाजूंनी आवळत येते, तिच्या आत राहायचं, आणि शेवटपर्यंत टिकायचं. टिकणाऱ्याला पडद्यावर ‘चिकन डिनर’ मिळतं, त्यामुळे ऐन श्रावणातही शाकाहारी घराच्या माडीवरून ‘आज तीन चिकन डिनर झाले’ असा आनंद ऐकू येतो. बेटावर तवाही सापडतो. तो पाठीमागे लटकवला की मागून आलेली गोळी त्याच्यावर टण्‌कन आपटून परत जाते. तव्याचा इतका सन्मान आपल्या स्वयंपाकघरातही झालेला नाही.

यातला एक प्रसंग जवळून बघण्यासारखा आहे. चौघांच्या स्क्वाडमधल्या एकाला गोळी लागते. तो लगेच मरत नाही, ‘नॉक’ होतो. हातापायांवर रांगत राहतो, त्याला बंदूक चालवता येत नाही आणि त्याचं आयुष्य थेंबाथेंबानं संपत असतं. त्याला वाचवायचा एकच मार्ग: सोबत्यानं त्याच्यापाशी यायचं, वाकून बसायचं आणि दहा सेकंद त्याला उठवत राहायचं. या दहा सेकंदांत सोबत्यालाही गोळी झाडता येत नाही. दोघंही उघड्यावर, आयतं सावज. शहाणपणाचा हिशेब सांगतो, जाऊ नकोस. एक गेला, तीन तरी वाचतील. आणि इकडे कानात हाक येते, ‘भावा, उचल ना!’ पलीकडून उत्तर येतं, ‘थांब, स्मोक टाकतो, हलू नकोस.’ धुराचा डबा फुटतो, आणि तो मूर्ख येतो. रात्री साडेदहाला, ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही अशा माणसासाठी येतो, आणि बहुधा दोघंही मरतात. कारण समोरच्या टेकडीवरचा शत्रू कसलेला असतो. तो रांगणाऱ्याला मुद्दाम संपवत नाही. कुणीतरी त्याला उचलायला येणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि त्या येणाऱ्याच्या वाटेवर नेम धरून तो पडून राहतो. जिच्या भरवशावर शत्रू आपली सगळी चाल आखतो, ती मैत्री आभासी म्हणायची कशी? नात्याचा इतका कडक पुरावा तर विवाह नोंदणी कार्यालयातही मागत नाहीत.

दिवसभरातला त्या बेटावरचा संसार ऐकला तर तो एखाद्या जुन्या चाळीचा वाटतो. ‘माझ्याकडे बँडेज जास्त झालेत, घेतोस का?’ ‘फोर एक्स स्कोप आहे, तुझ्या बंदुकीला चांगला बसेल.’ ‘पाच-पाच-सहाच्या गोळ्या संपल्या रे, थोड्या टाक.’ शेजारच्या दाराची कडी वाजवून वाटीभर साखर मागणारी पिढी आपण घालवली. आता विरजण संपलं तर दहा मिनिटांत घरपोच दही येतं आणि शेजारणीचं नाव दारावरची पाटी वाचून कळतं. वाटीभर उसनं मागायची ती जुनी विद्या आज टिकून आहे ती गोळ्यांच्या रूपात. भाषेचंही तसंच. एकाच स्क्वाडमध्ये कोल्हापूरचा ‘भावा’ म्हणतो, नागपूरचा प्रत्येक वाक्याला ‘बे’ लावतो, जळगावचा ‘भो’ म्हणून हाक मारतो, आणि पुण्याचा चौथा गडी तिघांचीही वाक्यं मनातल्या मनात दुरुस्त करत बसल्यामुळे सगळ्यांत आधी मरतो.

समाजशास्त्रात या जागेला नाव आहे. रे ओल्डनबर्ग या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ च्या ‘द ग्रेट गुड प्लेस’ या पुस्तकात सांगितलं की माणसाला घर आणि कामाचं ठिकाण यांखेरीज एक तिसरी जागा लागते: कॉफीचं दुकान, केशकर्तनालय, गुत्ता. तिथं जायला निमंत्रण लागत नाही, हुद्दा दाराबाहेर ठेवावा लागतो, नेहमीची चार टाळकी तिथं हटकून भेटतात आणि बोलणं हेच तिथलं मुख्य काम असतं. आपल्याकडे हे सगळं एका शब्दात आधीपासून होतं: कट्टा. पुढं २००६ साली कॉन्स्टन्स स्टाइनक्यूलर आणि दिमित्री विल्यम्स या दोघांनी ऑनलाइन खेळांना ओल्डनबर्गच्या या कसोट्या लावून पाहिल्या, आणि हे खेळ म्हणजे तिसरी जागाच असल्याचं मांडलं. हुद्दा बाहेर ठेवण्याच्या बाबतीत तर हे खेळ कट्ट्याच्याही पुढं गेलेत. बेटाचा नकाशा ज्याला पाठ, हुकूम त्याचा. बँकेतल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला नववीतला मुलगा ओरडून सांगत असतो, ‘काका, झोपा! अहो झोपा म्हणतोय ना! आता झोपूनच सरका!’ आणि ज्यांच्यापुढं शाखेतली अठरा माणसं उभ्यानं बोलतात ते काका गवतात मुकाट आडवे होतात.

आणि खरा कट्टा गेला कुठे, हे कुणी विचारत नाही. पाराभोवती लोखंडी कठडा बसला आणि त्यावर सौजन्याची पाटी लागली. दुकानाच्या पायरीवर कुणी टेकू नये म्हणून टोकदार पट्टी ठोकली गेली. सोसायटीतल्या बाकावर ‘फक्त ज्येष्ठ नागरिकांसाठी’ असं रंगवलं गेलं, मैदानात गाड्या लागल्या, आणि फाटकापाशी चार मुलं पाच मिनिटं उभी राहिली तर वॉचमन विचारतो, ‘कुठल्या फ्लॅटमधले?’ शिवाजी पार्कचा कट्टा अजून आहे, पण तो दादरमध्ये आहे. प्रत्येकाला दादरला घर घेणं जमत नाही. मग मुलांनी बसायचं कुठं? दोनशे रुपयांच्या कॉफीपुढं तासभर बसण्यापेक्षा रोजच्या रिचार्जमध्ये मिळणारं बेट स्वस्त पडतं. आपण कट्टा उखडला, मुलांनी तो हवेत बांधला, आणि आता आपणच म्हणतो, ही मुलं बाहेर का पडत नाहीत!

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: ‘अरे, पण त्या पोराचं खरं नाव तरी ठाऊक आहे का तुला?’ नसतं. बहुतेकांची नावं वाघ, वादळ, राजा अशा शब्दांना पुढंमागं इंग्रजी अक्षरं आणि आकडे चिकटवून केलेली असतात. पण हा आक्षेप घेणारे बाबा स्वतः पंचवीस वर्षं आठ बाराच्या डोंबिवली फास्टनं गेलेले असतात. त्या डब्यातला ग्रुप आठवा. ब्रीफकेस आडवी टाकून पत्ते चालायचे, दसऱ्याला डब्याला तोरण लागायचं, महिलांच्या डब्यात हळदीकुंकू व्हायचं आणि निवडलेली मेथी घरी जायची. त्या ग्रुपमधल्या माणसांची नावं ‘मुलुंड’, ‘एलआयसी’, ‘खिडकी’ आणि ‘अण्णा’ अशी होती. अण्णांचं आडनाव त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी, नारळावरच्या चिठ्ठीवरून कळलं. वारीत तर सगळ्यांचं एकच नाव असतं, माऊली, आणि त्यानं दिंडीत कुणाचं काही अडत नाही. नाव हा मैत्रीचा पाया नसून पुढं कधीतरी लागणारा तपशील आहे, लग्नपत्रिका पाठवायची वेळ आली की. उलट नाव ठाऊक नसल्याचा फायदाच होतो. २००७ साली हेलेना कोल आणि मार्क ग्रिफिथ्स यांनी ४५ देशांतल्या ९१२ खेळाडूंची पाहणी केली. सुमारे तीन-चतुर्थांश खेळाडूंनी सांगितलं की खेळात आम्हाला चांगले मित्र मिळाले, आणि दहातल्या जवळजवळ चौघांनी कबूल केलं की प्रत्यक्षातल्या मित्रांशी बोलणार नाही असे नाजूक विषय आम्ही या मित्रांशी बोलतो. ही पाहणी स्वखुशीनं उत्तरं द्यायला आलेल्यांची होती, त्यामुळे आकडे थोडे हात राखून घ्यावेत. पण निष्कर्षात नवल वाटण्यासारखं काही नाही. मराठी पुरुष समोरासमोर बसवला तर काय बोलतो? ‘काय म्हणतोस?’ ‘मजेत.’ ‘बाकी?’ ‘बाकी निवांत.’ एवढ्यावर दोन माणसं वीस वर्षं काढतात. त्याच माणसाला दुसरीकडे बघायला काहीतरी द्या, गळ टाकलेलं पाणी द्या, पत्त्याचा हात द्या, किंवा निळी रेघ सरकायची वाट बघत झुडपामागं बसवा, की तो गोळ्या मोजता मोजता सांगून जातो, ‘उद्या बाबांची अँजिओप्लास्टी आहे रे.’ पलीकडे क्षणभर शांतता, मग, ‘कुठल्या हॉस्पिटलला? रक्त लागणार असलं तर सांग. डावीकडे बघ, एनिमी.’

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्टाइनक्यूलर आणि विल्यम्स यांनीच म्हटलंय की हे खेळ रुंदी देतात, खोली क्वचित. म्हणजे नाना तऱ्हेच्या माणसांच्या ओळखी पुष्कळ होतात, जिवाभावाचे सगळेच होत नाहीत. शिवाय हा कट्टा एका कंपनीच्या मालकीचा असतो. २०२० च्या बंदीत किती चौकड्या फुटल्या असतील याची गणती कुणी ठेवली नाही. ज्याचा फोन नंबर कधी घेतलाच नव्हता तो ‘वाघ’ एका सरकारी आदेशानं कायमचा हरवला. पण डब्यातला ‘मुलुंड’ही बदलीच्या ऑर्डरनं असाच हरवला होता. तेव्हा आपण मध्य रेल्वेला आभासी म्हटलं नाही, निदान त्या कारणासाठी तरी नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे, आणि तो कानांनीच पटतो: शिव्या. या बेटावर मातृभगिनींचा जितका उल्लेख होतो तितका त्यांच्या वाढदिवसालाही होत नसेल. अमेरिकेतल्या अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेनं २०१९ मध्ये तिथल्या प्रौढ खेळाडूंची पाहणी केली, तेव्हा ७४ टक्क्यांनी ऑनलाइन खेळात त्रास, छळ, शिवीगाळ सोसल्याचं सांगितलं. हा आकडा झाकून मैत्रीचे पोवाडे गाणं बरं नव्हे. त्याच पाहणीत ८८ टक्क्यांनी चांगले सामाजिक अनुभव आल्याचंही सांगितलंय, मित्र मिळाले, कुणाला मदत केली असे. दोन्ही आकडे एकत्र ठेवले की दिसतं, ज्यांना शिव्या मिळाल्या त्यांतल्या बहुतेकांना चांगले अनुभवही मिळाले. कुठल्याही गणेश मंडळाची पाहणी केली तरी असेच दोन आकडे येतील, कदाचित दोन्ही जास्त. पण बायकांच्या बाबतीत हा विनोद चालत नाही. कित्येक मुली माइक बंद ठेवून खेळतात, नाहीतर पुरुषी नाव घेतात. आवाज ऐकू आला की शिव्या तरी मिळतात किंवा न मागता चार बंदुका आणि लग्नाची मागणी. जुना कट्टाही मुलींचा नव्हताच, हे खरं. पण तो कट्टा गावानं बांधला होता, हा नव्यानं बांधलाय, आणि नव्या बांधकामात जुनीच चूक केली तर कंत्राटदाराचे कान धरायलाच हवेत.

तिसरा आक्षेप व्यसनाचा. जानेवारी २०१९ मध्ये दिल्लीतल्या ‘परीक्षा पे चर्चा’ कार्यक्रमात एका आईनं मुलाच्या ऑनलाइन खेळांची तक्रार केली, आणि पंतप्रधानांनी ‘ये पबजीवाला है क्या?’ असं विचारताच सगळं सभागृह हसलं. मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी हा खेळ खेळणाऱ्या मुलांना चक्क अटक केली. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंगच्या विकाराला रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात जागा दिली, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. विकार खरा आहे, त्याची चेष्टा करायचं कारण नाही. पण संघटनेची व्याख्या वाचली तर ती घरातल्या व्याख्येपेक्षा बरीच सोशिक निघते. खेळावरचा ताबा सुटलेला, बाकी सगळं मागं पडलेलं, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच, आणि हे सगळं साधारण बारा महिने, तेव्हा कुठं विकार. घरातलं निदान बाराव्या मिनिटाला होतं. बरं, निदान करणाऱ्यांचा स्वतःचा इतिहासही स्वच्छ नाही. २०२० च्या टाळेबंदीत ‘लुडो किंग’ हा खेळ घराघरांत पोचला. तो नवी मुंबईतल्या गेमेशन या कंपनीचा, २०१६ पासूनचा. तेव्हा नाशिकची मावशी, ठाण्याची आत्या आणि न्यू जर्सीतली वहिनी रात्री बारापर्यंत एकमेकींच्या सोंगट्या मारत होत्या. त्या ऑनलाइन मल्टिप्लेअर गेमर होत्या असं त्यांना तेव्हा कुणी सांगितलं असतं तर त्यांनी फोन गंगाजलानं धुतला असता. पैसे लावायचे खेळ मात्र या वकीलपत्रात धरू नयेत. तिथं समोरचा तुम्हाला उचलायला येत नाही, तुमचा खिसा उचलायला येतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा करून ते खेळ बंद केले आणि ई-स्पोर्ट्स त्यांपासून वेगळे काढले. त्याच्या आदल्याच महिन्यात आपल्या विधिमंडळात एका मंत्रिमहोदयांच्या मोबाइलवर पत्ते दिसल्याची चित्रफीत गाजली होती. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. पुढं त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. सरकारी कामात इतका नेमका विचार क्वचित दिसतो.

शेवटचा आक्षेप म्हाताऱ्या माणसांचा, आणि तो सगळ्यांत खोल आहे. ‘हे सगळं ठीक आहे रे, पण वेळ आली तर यांतलं कोण येणार?’ आपल्याकडे मैत्रीची परीक्षा वाढदिवसाला होत नाही. दवाखान्यात डबा कोणी आणला आणि शेवटी खांद्याला कोण आलं, यावर निकाल लागतो. याचं उत्तर नॉर्वेत सापडतं. ओस्लोतला मॅट्स स्टीन हा मुलगा डुशेन या स्नायू झिजवणाऱ्या आजारासह जन्मला. वाढत्या वयाबरोबर शरीर व्हीलचेअरवर आलं, शेवटी बोटांच्या हालचालीपुरतं उरलं. तो तासन्‌तास ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळायचा. आईवडील प्रेमळ होते, आणि त्यांचं दुःख आपल्या ओळखीचंच होतं: पोरगा एकटा पडला, त्याला मित्र नाहीत, प्रेम नाही, कुणाच्या उपयोगी पडणं नाही. १८ नोव्हेंबर २०१४ रोजी, पंचविसाव्या वर्षी, मॅट्स गेला. त्यानं ब्लॉगचा पासवर्ड ठेवला होता; वडिलांनी त्यावर मुलगा गेल्याची चार ओळींची बातमी टाकली. आणि मग ईमेल यायला लागले. वेगवेगळ्या देशांतून, अनोळखी माणसांची, पानंच्या पानं. त्या खेळात तो इबेलिन होता, उंचापुरा, दणकट. ‘स्टारलाइट’ नावाच्या तिथल्या मंडळात तो कित्येक वर्षं होता, आणि आपल्या आजाराबद्दल त्यानं तिथं फार उशिरापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. नेदरलँड्समधल्या एका मुलीचा संगणक आईवडिलांनी काढून घेतला तेव्हा त्यानं थेट त्या आईवडिलांना पत्र लिहून मुलीची बाजू मांडली होती. डेन्मार्कमधल्या एका आईचा ऑटिझम असलेला मुलगा तिला जवळ येऊ देत नव्हता. खेळातच त्याला भेट, असं मॅट्सनं तिला सुचवलं, आणि मायलेकांनी एकमेकांना मिठी मारली ती आधी तिथं. कुणाच्या उपयोगी न पडलेला मुलगा तो हा. त्याच्या अंत्यविधीला स्टारलाइटचे पाच जण युरोपातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून आले. ज्याला प्रवासखर्च झेपणार नव्हता त्याच्यासाठी मंडळानं वर्गणी काढली. वर्गणी! त्या शब्दापाशी आपला आणि त्यांचा धर्म एक होतो. बेंजामिन री या दिग्दर्शकानं या सगळ्यावर २०२४ मध्ये माहितीपट काढला, ‘द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन’. तो बघताना विनोदी लेखकानं गप्प बसावं हे बरं.

प्रत्येक चौकडीत एक मॅट्स असतो, असा दावा कुणी करणार नाही. बहुतेक चौकड्यांत एक उतावळा, एक रडका, एक लूट लपवणारा आणि एक ज्याचं नेट ऐन वेळी जातं, असे चौघं असतात. पण कट्ट्यावरही हेच चौघं होते, आणि त्यांच्यातलाच कुणीतरी रात्री दोनला स्कूटर घेऊन आला होता. कोण येणार हे आधी कुणालाच ठाऊक नव्हतं.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना एकच विनंती. ऑनलाइन मॅच थांबवून ठेवता येत नाही. मधेच उठलं की मागं तिघं उघडे पडतात, आणि त्यांतला एखादा रांगत असतो. म्हणून ताट वाढल्यावर ‘आलास का?’ म्हणून दार वाजवण्याआधी ‘किती जण उरलेत?’ एवढं विचारा. साठ म्हणाला तर वरण पुन्हा गरम करावं लागेल. दहा म्हणाला तर तवा ठेवायला हरकत नाही, पोळी टम्म फुगेपर्यंत तो येतो.